स्वस्तातलं वॉ-पेडल

खोकं उघडायच्या आधीच दादाचा निकाल लागला होता. "खेळणं आहे हे! मांजराच्या शेपटीवर पाय दे, यापेक्षा बरा आवाज येईल."

धाकटीनं खोक्यातून नवं पेडल बाहेर काढलं. बँड दादाचा, सरावाची खोली त्याच्याच दुकानामागची; एवढ्या भांडवलावर त्याचं मत नेहमी आधीच तयार असे. तिला भांडण नको होतं, सोलो हवा होता. शनिवारच्या कार्यक्रमातल्या शेवटच्या गाण्याचा तो लांबलचक गिटारचा तुकडा आजवर दादाच वाजवायचा. त्याचं बोट दुखावलं म्हणून तुकडा तिच्याकडे आला, तोही अट घालून: पायानं सूर उघड-मिट करणाऱ्या वॉ-पेडलशिवाय वाजवायचा नाही. आणि स्वतःच्या पेडलला तो कुणाला पाय लावू देत नसे.

"आण इकडे, मी जोडतो. तुला नाही जमायचं."

तिच्यासमोर उकिडवं बसून त्यानं गिटारची वायर एका बाजूला खुपसली, अ‍ॅम्पची दुसऱ्या. तिनं तार छेडली. आवाज स्वच्छ आला. पेडलवरच्या पट्टीचं टोक पायानं दाबून ते चालू केलं, आणि गिटार मुकी झाली. बंद केलं, आवाज आला. चालू केलं, गेला.

"बघ! स्वस्तात मस्त शोधायला गेली बाई." दादानं फोन काढून कीबोर्डवाल्याला लावलासुद्धा. "हां, शनिवारचा सोलो तू घे. हिचं काही खरं नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर बोटं सोलवटून बसवलेला तुकडा, आणि हा माणूस एका वाक्यात वाटून मोकळा!

"अगं, उलटं जोडलंय," ड्रमवरून ढम्या म्हणाला. "तो समोर बसला होता. त्याचं उजवं ते तुझं डावं."

तिनं वाकून पाहिलं. कुठली वायर आत, कुठली बाहेर, याचे बाण चक्क छापलेले होते. वायरी अदलाबदल करून तिनं पट्टी दाबली.

सूर तोंड उघडून बोलला. पट्टी मागे घेतली तसा ओठ मिटून कुरकुरला. बिजागरी कडक होती, खर्जात दादाच्या पेडलचं वजन नव्हतं. पण जे हवं होतं ते सगळं होतं.

"मी म्हणतच होतो," दादा म्हणाला, "सगळं जोडणीवर असतं."

"जोडलं कुणी?"

"बरं, बरं. पण आता त्याला शब्द दिलाय मी."

"माझा सोलो देताना मला विचारलंस? नाचता येईना अंगण वाकडं! शब्द तू दिलास, आता परतही तूच घे. आत्ता."

"मोठ्या भावाशी बोलायची ही पद्धत?"

"हो, हीच. लाव फोन."

दादानं ढम्याकडे पाहिलं. ढम्या काठ्या पुसण्यात गर्क झाला. अखेर दादानं फोन लावला. तिनं अ‍ॅम्पचा आवाज वाढवला आणि तुकडा सुरू केला.

"अरे, ऐक..." त्याला ओरडावं लागत होतं. "सोलोचं राहू दे. धाकटी वाजवतेय. नाही, नाही, पेडल चांगलं आहे. ते जरा... जोडताना गडबड झाली."

कुणाकडून झाली, ते त्यानं सांगितलं नाही. तिनं आवाज आणखी वाढवला.