नीळ घातलेला रुमाल

आमच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत एकच फोटो लागतो, आणि तो ज्याने काढला त्याच्याकडे गिऱ्हाईक जातं. सासऱ्यांनी स्वतः काढलेला जुना फोटो उतरवला आणि सांगितलं, दोघी सुनांनी माझा एकेक फोटो काढा. उजवा ठरेल तो काचेत.

काच माझीच, असं मी धरून चालले होते. दिवा बदलला की मी राखाडी कार्ड समोर धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची पांढऱ्याची ओळख, नव्याने लावते. नाहीतर ट्यूबलाइटखाली चेहरा हिरवट पडतो, बल्बखाली नारिंगी, सावलीत निळसर. एवढं करूनही येणारा विचारतो, धाकट्या बाई आहेत का? जावेच्या फोटोत म्हणे माणूस उजळतो. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

म्हणून मी तिच्यावर पाळत ठेवली. बया कार्डाऐवजी स्वतःचा पांढरा रुमाल धरत होती! आणि पांढरा कसला? घरचे कपडे मी धुते, नीळही मीच घालते. निळसर कापडाला कॅमेरा पांढरं समजला, की तो निळं मारायला सगळीकडे पिवळं ओततो. म्हणजे हिची सोनेरी माणसं माझ्या निळीच्या जिवावर.

मग मीही कार्ड खणात टाकलं आणि माझ्या रुमालाला नीळ घातली, तीही दुप्पट. सासरे समोर बसले. स्क्रीनवर मला ते नुसते झळाळताना दिसले.

छापलेले फोटो शेजारी ठेवले. तिच्या फोटोत सासरे सकाळी फिरून आल्यासारखे ताजेतवाने होते. माझा फोटो त्यांनी उजेडात नेला.

"सूनबाई, मला कावीळ कधी झाली गं?"

जावेने हसू दाबलं. सासरे मात्र हसले नाहीत.

"तुझ्या कार्डावर माणूस जसा आहे तसा येतो. तुझाच लावायचं मनात होतं माझ्या."

काचेत तिचा फोटो लागला. वर ती म्हणते, "ताई, ते कार्ड कसं धरायचं मला शिकवाल?"

पुढच्या धुण्यात तिचा रुमाल हाती आला. नीळ घातली नसती तर तिची सोनेरी माणसं संपली असती, आणि कुणाला कळणार होतं? बाटली हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले.

शेवटी घातली. नेहमीइतकीच, दात-ओठ खात.