होकाराचा घास

कॅम्प म्हटलं की अंबरनाथच्या माणसाला उल्हासनगरच आठवतं. तिथल्या वस्त्यांची नावंच तशी, कॅम्प एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर. त्यामुळे वृंदाच्या बाबांनी, म्हणजे कमळाकररावांनी, “शनिवार-रविवार आपल्याला कॅम्पला जायचंय” असं जाहीर केलं, तेव्हा तिच्या आईनं, मालिनीबाईंनी, लगेच सिंधी पापड किती आणायचे ते सांगायला सुरुवात केली. मग हळूहळू उलगडा झाला. हा कॅम्प बदलापूरच्या पलीकडे, खरवई गाव ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी रानात होता. तिथे तंबूत राहायचं होतं. आणि या खेपेला मुलगा वृंदाला बघायला घरी येणार नव्हता, वृंदानंच मुलाला बघायला तिथे जायचं होतं.

मुलगा म्हणजे चिंतामणी, अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनीअर. त्याचे वडील अण्णा, शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी डोंगरालगत जागा घेऊन तिला ‘आरोग्यवन’ असं नाव दिलं होतं, आणि दर हिवाळ्यात तिथे ते चार कुटुंबं गोळा करून शिबिर भरवत. त्यांनी निरोप धाडला होता की आमच्याकडे पोहे-चहाचा कार्यक्रम नसतो. दोन दिवस रानात राहा, आम्हाला बघा, आम्हीही बघतो, रविवारी दुपारी जेवताना काय ते ठरेल.

आता वृंदा काही नाजूक साजूक नव्हती. उल्हासनगरात एका शेठच्या कपड्यांच्या कारखान्यात ती शिवलेला माल तपासायची. वालधुनीचा घाणेरडा नाला रोज दोनदा ओलांडणाऱ्या बाईला नाजूक कोण म्हणेल? पण पोह्यांच्या बशा नेऊन नेऊन ती विटली होती, बाबा निवृत्तीला टेकले होते, आणि चिंतामणीचा फोटो तिला खरंच आवडला होता. म्हणून ती हो म्हणाली. झालं, स्वतःच्या हातानं धोंडा पाडून घेतला पायावर.

टांगा थांबला तिथून पायवाटेनं चालत ते पोचले. साग, ऐन, मागे काळाकभिन्न डोंगर, खाली खळखळणारा ओहोळ, कडेला एक गोठा. जागा देखणी होती, खोटं कशाला बोला. फाटकात अण्णा उभे होते, उघडे, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं.

“इथे दोनच नियम,” ते म्हणाले. “साबण नाही आणि किळस नाही. किळस हा मनाचा रोग आहे. तो इथे सोडून जायचा.”

मालिनीबाईंनी पिशवीतला साबण दोन पातळांच्या घड्यांत आणखी खोल दाबला.

रोग सोडायची सोय अण्णांनी चोख केली होती. तंबू उल्हासनगरच्या भंगारातून आणलेल्या लष्करी ताडपत्रीचे. आतला वास नाकात शिरला तो शिरलाच. सतरंजी उचलली तेव्हा खाली चपटा होऊन वाळलेला उंदीर निघाला, शेपटीसकट. संडास म्हणजे चर, त्यावर दोन फळ्या, भोवती गोणपाट, आणि बाजूला राखेचा डबा. खाली बघायचं नाही असं ठरवून गेलं तरी डोळे खालीच जातात मेले. खाली पांढऱ्या अळ्यांची जत्रा भरली होती. पाण्याचा रांजण एक, पेला एक, आणि तो शिबिरातले सगळे तोंडाला लावून पीत. एका काकांच्या मिशीतलं ताक पेल्याच्या काठावर तसंच होतं. वृंदा ओंजळीनं ओहोळाचं पाणी प्यायली, तर तिच्या वरच्या अंगाला म्हैस बसलेली दिसली.

“नाकाला पदर लाव,” आई कानाशी पुटपुटली, “पण तोंड वाकडं करू नकोस. बघतायत.”

दुपारी पंगत बसली. अण्णांच्या बायकोनं, माईंनी, सगळा स्वयंपाक केला होता. मदतीला जवळच्या वाडीवरची सखू. माई बारीक चणीच्या, चुलीपाशीच असायच्या, आणि बोलल्या तर इतक्या हळू की पुन्हा विचारावं लागे. अण्णांचा दंडक असा की आरोग्यवनात बाई-पुरुष भेद नाही, सगळ्यांनी एकत्र बसायचं. बसले बाई सगळे. फक्त माई वाढत होत्या. पंगत उठल्यावर वृंदा पाण्याला म्हणून मागे वळली आणि जागीच थांबली.

माई अण्णांच्या पानावर बसल्या होत्या. अण्णांनी चावून टाकलेला शेवग्याच्या शेंगांचा चोथा त्यांनी बोटानं कडेला सारला, ताकात भिजलेला त्यांचा उरलेला भात कालवला आणि शांतपणे जेवायला लागल्या. वृंदानं पळत जाऊन गठ्ठ्यातली एक कोरी पत्रावळ आणली.

“असू दे गं,” माई म्हणाल्या. “सवय झालीय.”

“किळस नाही वाटत?”

माईंनी चुलीकडे बघितलं. “पहिल्या दिवशी ओकले होते. मागच्या दारी, कुणाला कळू न देता. पुढे वाटेनाशी झाली.” आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

वृंदानं पत्रावळ परत गठ्ठ्यात ठेवली. तिला आता अळ्यांची किळस आठवेना, ही जास्त मोठी होती.

पण चिंतामणी चांगला होता, हीच तर पंचाईत. संध्याकाळी सगळे डोंगराच्या पायवाटेनं फिरायला गेले तेव्हा तिच्या घोट्याला काहीतरी चिकटलं. टप्पोरं, राखाडी, गरगरीत.

“गोचीड हाय बाय,” सखू म्हणाली. “ढोरांचा.”

वृंदाला ओरडताही येईना. चिंतामणी खाली बसला, दोन नखांत धरून त्यानं तो अलगद उपटला, दगडावर चिरडला. रक्त उडालं, वृंदाचंच. त्यानं बोट विजारीला पुसलं आणि त्याच हातानं खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या. शी. पण त्याचा हात हलका होता, आणि वर बघून तो हसला तेही मनापासून. वृंदानं शेंगा घेतल्या. खाल्ल्या नाहीत, मुठीत धरून ठेवल्या.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी अण्णांनी समोर बसून नाक धुतलं. चोचीच्या भांड्यानं एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर, आणि त्या पाण्याबरोबर जे जे काही यायचं ते सगळं. मग प्रत्येकानं करायचं, भांडं तेच. मालिनीबाईंना ऐन वेळी चक्कर आली म्हणून त्या सुटल्या. वृंदानं केलं. दात आवळून केलं आणि मग झाडामागे जाऊन इतकं थुंकली की तोंड कोरडं पडलं.

त्यानंतर अण्णांनी कमळाकररावांना बाजूला नेलं. बाबा परत आले ते रुमालानं मान पुसत. थंडीचे दिवस आणि माणसाला घाम.

“त्यांच्या घराण्याची एक रीत आहे,” बाबा म्हणाले. “पसंती तोंडानं सांगत नाहीत. दुपारी जेवण झालं की मुलीनं मुलाच्या पानावरचा एक घास खायचा. खाल्ला की होकार. नाही खाल्ला तर, म्हणजे, नाही.”

“उष्टा?”

“एकच घास, बाळ. डोळे मिटून. मुलगा चांगला आहे गं.” बाबा तिच्याकडे बघत नव्हते. तिला त्यांचा राग आला आणि लगेच दयाही आली.

ती ओहोळावर गेली. चिंतामणी हंडे भरत होता.

“मला तुम्ही आवडलात,” तो सरळच म्हणाला. “काल तुम्ही ओरडला नाहीत.”

“ती घासाची रीत,” वृंदानं विचारलं, “तुम्हाला पटते?”

“त्यात न पटण्यासारखं काय?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. “प्रेमाचंच असतं ते. माई बघा किती मायेनं बसते अण्णांच्या पानावर. माया असली की किळस वाटतच नाही.”

हंडा उचलून तो निघाला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे वृंदाला दिसत होतं. जन्मापासून जे बघितलं ते तो बोलत होता. ती दगडावर बसून राहिली. एक घास तर आहे. वाळका उंदीर उचलला, दुसऱ्याच्या शेंबडाच्या भांड्यानं नाक धुतलं, तर एका घासानं काय मरतेय मी? आणि पुढे रोज, असं मनात आलं. रोज, जन्मभर, चोथा बोटानं कडेला सारून. पण माया असली की वाटत नाही म्हणे. तसं असेल तर ठीकच आहे, खातेच. उठताना तिनं ठरवूनच टाकलं होतं, फक्त एक गोष्ट आधी बघायची होती.

दुपारची पंगत उरकली. शेवग्याच्या शेंगांची आमटी, भाकरी, भात, मिरचीचा खर्डा, लिंबू, ताक. बाकीच्या कुटुंबांना काहीतरी कळलं असावं, कारण कुणी उठेना. चिंतामणीनं पान तिच्या बाजूला सरकवलं. अगदी सहज, ज्या सवयीनं अण्णा सरकवत त्याच सवयीनं. माई तोवर अण्णांच्या पानाशी येऊन बसल्या होत्या, त्यांचा हात भातात होता.

वृंदानं चिंतामणीच्या पानाकडे बघितलं. चघळून चघळून पांढरा झालेला चोथा, चोखून टाकलेली लिंबाची फोड, दाताखाली आलेला खडा, आणि ताकभाताचा चिखल. एक माशी लिंबावरून भातावर, भातावरून चोथ्यावर हिंडत होती. तिच्या घशाशी आंबट पाणी आलं. तिनं ते गिळलं.

“घेते,” ती म्हणाली. “आधी तुम्ही माझ्या पानावरचा एक घास घ्या.” आणि तिनं आपलं पान त्याच्यासमोर सरकवलं.

पंगतीत चुळबुळ झाली. तिच्या पानावरही तेच होतं म्हणा. तोच चोथा, तसाच भात, अर्धी चावलेली भाकरी. शेंगा काय बायकांच्या दाताला वेगळ्या लागत नाहीत.

“हे काय भलतंच,” अण्णा म्हणाले. “पुरुषानं बाईचं उष्टं खायचं नसतं.”

“रीत म्हणून नको, अण्णा,” वृंदा म्हणाली. “माया असली की किळस वाटत नाही, असं ते सकाळी म्हणाले. तेवढंच बघायचंय मला. मग मी लगेच घेते.”

चिंतामणीनं वडिलांकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि त्यानं हात पुढे केला, हा त्याचा मोठेपणाच म्हणायला हवा. तिच्या पानावरचा भात त्यानं बोटांच्या टोकांनी उचलला. भातातून चोथ्याचा एक धागा लोंबत वर आला. तो त्या धाग्याकडे बघत राहिला. वृंदा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आधी नाकपुड्या आवळल्या, मग वरचा ओठ वर गेला, मग गळ्याची घाटी वरखाली झाली. तो चेहरा तिच्या चांगला ओळखीचा होता. दोन दिवस तिनं तोच तर सगळ्यांपासून लपवला होता.

घास ओठांना लागला मात्र, तो उठला आणि गोठ्याच्या दिशेनं धावला. ओकण्याचा आवाज पंगतीपर्यंत स्पष्ट आला. गोचीड नखांत धरून उपटणारा आणि त्याच हातानं शेंगा पुढे करणारा माणूस आतडी पिळवटून ओकत होता.

वृंदाला जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. तिला त्याची कीव आली, त्या आवाजाची शिसारी आली, आणि आपल्याच उष्ट्याकडे असं बघितलं गेलं म्हणून आत कुठेतरी लागलंही. तिनं दोन्ही पानं उचलून एकावर एक दुमडली.

“बाबा, निघू या,” ती म्हणाली.

बाबा उठले. मुलगा चांगला आहे असं ते या वेळी म्हणाले नाहीत. तंबूतून सामान आणायला मालिनीबाई वळल्या, तेवढ्यात मागून हळू आवाज आला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“तुमच्याकडे साबण असेल ना हो?”

माईंनी अण्णांच्या पानातला हात बाहेर काढला होता. भात बोटांना तसाच चिकटलेला. गोठ्याकडून अजून आवाज येत होता आणि त्यांची मान त्या बाजूला वळलेली होती. मालिनीबाईंनी तंबूत जाऊन पातळांच्या घड्यांतून साबण काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

माईंनी ओहोळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. एकदा धुतले, परत साबण लावून धुतले, मग तळवे नाकाशी नेऊन वास घेतला. परत येऊन त्या अण्णांच्या पानापाशी बसल्या नाहीत. चुलीजवळ, स्वच्छ जागा बघून बसल्या.

“सखू,” त्या म्हणाल्या, “मला कोरं पान दे गं. भूक लागलीय.”