कडेला उभी नोर्डा

ज्या फोटोसाठी तुम्ही पहाटे चार वाजता उठलात, थंडीत कुडकुडत उभं राहिलात, त्याच फोटोतून तुम्हाला कुणी कापून टाकलंय का?

नोर्डा लॉरिट्सनला टाकलंय. एकदा नाही, चाळीस वर्षं. या पापात माझाही वाटा आहे, म्हणून मीच सांगते.

मी एक काळी चौकट बोलतेय. चौकट म्हणजे फार काही नाही, सुताराच्या गुण्यासारखे दोन काटकोनी पुठ्ठे. एकमेकांवर उलटे ठेवले की मधे खिडकी तयार होते, आणि सरकवले की ती लहानमोठी होते. छापलेल्या फोटोवर मला ठेवायचं, सरकवत बसायचं, खिडकीत जेवढं सुरेख दिसेल तेवढं राखायचं आणि बाकीचं कापायचं. एवढंच माझं काम.

माझा जन्म युटा राज्याच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा गावात झाला, डेल्विन लॉरिट्सनच्या तळघरात. एका भिंतीला गव्हाचे डबे, दुसऱ्या भिंतीला नोर्डाने भरलेल्या पीचच्या बरण्या आणि मधल्या चिंचोळ्या जागेत डेल्विनची फोटो धुण्याची अंधारखोली. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर त्याला लग्नाच्या फोटोला फ्रेम घालायची आठवण झाली. तेव्हा जो काळा पुठ्ठा उरला, त्यातून त्याने मला कापलं. फ्रेममधला फोटो त्या दोघांचा एकत्र असा पहिला फोटो होता. पुढची चाळीस वर्षं तोच एकमेव राहणार होता, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक?

डेल्विन पोटासाठी रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा, पण त्याचा जीव होता तो कड्याच्या टोकावरच्या दगडी कमानीत. गावातले सगळे तिला नुसतं 'कमान' म्हणतात. सूर्य वर आला की खालच्या कड्यावर ऊन पडतं आणि तिथून उसळून कमानीच्या पोटाला लागतं. मग तो दगड भट्टीत घातल्यासारखा लालभडक होतो. पाच-सात मिनिटांचा खेळ. त्यासाठी हा माणूस आठवड्यातून तीनदा अंधारात घर सोडायचा. नोर्डा बरोबर असायची, थर्मासभर गरम कोको घेऊन.

तिथे माझं पहिलं काम. डेल्विन मला खिशातून काढायचा, एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि माझ्यातून कमान बघायचा. दोन पावलं मागे. एक पाऊल उजवीकडे. पुन्हा मागे. त्याचा एकच नियम होता, कमानीचे दोन्ही पाय फोटोत आले पाहिजेत. "पाय कापला की कमान लंगडी दिसते," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, कुणी विचारलेलं नसतानाही.

येणारेजाणारे पुढे फार वाढले. पहाटे पाचला बघावं तर कॅमेऱ्यांच्या पंधरा तिपाया एकमेकींत पाय अडकवून उभ्या. मधली जागा मिळावी म्हणून भली भली माणसं लहान पोरांसारखी भांडायची. मग सगळे एकाच जागेवरून, एकाच क्षणी, एकच फोटो काढायचे आणि आपलाच वेगळा आला म्हणून खूश होऊन जायचे. शहरातून आलेले लोक डेल्विनला कॉफी देऊ करायचे. "आमच्या चर्चमध्ये कॉफी चालत नाही," असं म्हणून हा त्यांना नोर्डाचा कोको पाजायचा.

रविवारी मात्र आम्ही घरी. रविवारी काम करायचं नाही, आणि फोटो हे काम, असा डेल्विनचा हिशेब. नेमके उत्तम ढग रविवारीच यायचे. चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून तो आभाळाकडे असा बघायचा की बिशपना वाटायचं, काय भाविक माणूस आहे!

नोर्डाचं म्हणाल तर दर वेळी ठरलेलं असायचं. "नोर्डा, जरा डावीकडे उभी राहा. माणूस असला की कमान केवढी आहे ते कळतं."

ती राहायची. मग तळघरात फोटो छापला की तो मला त्यावर ठेवायचा, सरकवायचा, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करायचा. "मोकळी जागा आहे, मोकळीच दिसायला हवी." मग डाव्या कडेची पट्टी कापून टोपलीत जायची. पट्टीत नोर्डा. कधी नुसती टोपी, कधी कोपर आणि थर्मास.

संध्याकाळी पीचची बरणी न्यायला नोर्डा खाली यायची. टोपलीतली पट्टी उचलायची, मागे पेन्सिलीने काहीतरी लिहायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. हे मी सगळं बघत होते. पण मी पडले पुठ्ठा, बोलणार काय?

मग त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, असा ऑक्टोबर आला. मुलगी जनील सॉल्ट लेकहून आली. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण ठरलं.

"मॉम, तुला काय हवंय?"

"हॉलच्या दारात आमच्या दोघांचा एक फोटो," नोर्डा म्हणाली. "लग्नातला नको, तो सगळ्यांनी पाहिलाय. कमानीपाशी निम्मं आयुष्य घालवलं, तिथला हवा. बाकी काही नको."

"हात्तिच्या!" डेल्विन म्हणाला. "तू तर प्रत्येक फोटोत असतेस."

आठवडाभर तो तळघरात खोकी उपसत होता. छापलेल्या एकाही फोटोत नोर्डा नव्हती. निगेटिव्हमध्ये होती, पण नखाएवढी आणि पाठमोरी. सूर्य उगवत असताना ती बिचारी सूर्याकडेच बघणार ना? चाळीस वर्षांत तिचा चेहरा एकदाही आला नव्हता. स्वतः डेल्विन तर कशातच नव्हता.

शुक्रवारी तो वर गेला. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होते. "कमानीचा मोठा फोटो लावू या का?" तो म्हणाला. "फार झकास आलाय."

"लाव की. कमानीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली असतील तर लाव," नोर्डा म्हणाली. मग तिने तो बिस्किटांचा डबा आणून जनीलच्या हातात दिला. डेल्विनला काही सांगितलं नाही.

शनिवारी हॉलच्या दारात कमानीचा मोठा फोटो होता, आणि त्याच्या डाव्या कडेला जनीलने त्या सगळ्या पट्ट्या टाचणीने लावल्या होत्या, एकीखाली एक. बटाट्यांच्या भांड्याकडे निघालेले लोक तिथेच थांबले.

"अगं, हे नोर्डाचं कोपर!"

"आणि ही टोपी! ही तर मीच दिली होती!"

"डेल, बायकोचे इतके तुकडे करून पुन्हा जेवायला बोलावतोस आम्हाला?"

हॉल हसत होता. डेल्विनही हसला, पण जरा उशिरा. सगळे ताटं घेऊन बसल्यावर तो एकटाच दाराशी आला. सवयीने मला काढलं आणि एका पट्टीवर ठेवून सरकवू लागला, चेहरा कुठे सापडतोय का बघत. सापडला नाही. मग त्याने पट्टी काढून उलटी केली. 'कोको सांडला. सूर्य छान.' दुसरी उलटी केली. 'पाय सुजलेत. डेल खूश.' तिसरी. 'जनीलला बरं वाटलं, म्हणून आज येता आलं. मला बघायचंच होतं.'

त्याने तिन्ही पट्ट्या पुन्हा जागच्या जागी टाचल्या. नोर्डा जेलीची वाटी घेऊन आली.

"उद्या पहाटे जाऊ या," तो म्हणाला.

"उद्या रविवार आहे, डेल."

"म्हणून तर. कामाचा नाही काढायचा. घरचा काढायचा."

"चर्च अकराला आहे," नोर्डा म्हणाली. "कोको तू करायचास." मग तिने वाटी त्याच्या हातात दिली.

आता माझे कोपरे झिजलेत, काळा रंग पांढरट झालाय. जनील म्हणते, हल्ली बोटाने सरकवलं की फोटो कापला जातो. जात असेल. माझी तक्रार नाही, चाळिशी उलटलेल्या पुठ्ठ्यानं किती दिवस काम करायचं? फक्त एक विनंती आहे. बोट सरकवण्याआधी कडेला कोण उभं आहे, ते एकदा बघा. त्या माणसाचं तोंड कुणीकडे आहे, तेही बघा.

त्या रविवारी सकाळी पावणेआठला सूर्य उगवला. आभाळभर ढग होते. डेल्विनने कॅमेरा तिपाईवर लावला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि धावत जाऊन नोर्डाच्या शेजारी उभा राहिला. दोघांची तोंडं कॅमेऱ्याकडे होती. कमानीचा डावा पाय फोटोत येत नव्हता. त्याने तिपाई हलवली नाही, आणि मला खिशातून काढलं नाही.