तेविशीतला पाय

मी एक जुना लाकडी फर्मा आहे. बूट शिवताना चामडं ज्याच्यावर ताणून बसवतात, तो लाकडी पाय. उजवा. डावा जोडीदार शेजारीच टांगलेला असतो, पण तो पहिल्यापासून अबोल. त्यामुळे दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते.

मित्रांनो, जन्मात मी एक पाऊल चाललेलो नाही, तरी ऐट भारी! कारण मी बाजारातला आठ नंबर किंवा नऊ नंबर नव्हे. दुकानाच्या मुख्य कारागिराला सगळे आबा म्हणत. त्यांनी मला एकाच माणसासाठी कोरलं, आपल्या मुलासाठी. तो तेवीस वर्षांचा होता आणि सैन्यात निघाला होता. लहानपणी लोखंडी ऐरण पडून त्याच्या उजव्या पायाची करंगळी मोडली होती, ती वाकडीच जुळली. तिथे बूट चावू नये म्हणून आबांनी त्याला कागदावर उभं केलं, पायाभोवती पेन्सिल फिरवली आणि माझ्या करंगळीपाशी तेवढाच फुगवटा ठेवला. "आबा, गुदगुल्या होतात," म्हणत तो हसत होता, आणि धाकटी बहीण त्याला हलू देत नव्हती.

वर्षभरात सरकारी पत्र आलं. तो शत्रूच्या हाती सापडला होता आणि कैदेतच तापाने गेला होता. कुठे पुरलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक वारलं की त्याचा फर्मा खाली काढून, तासून दुसऱ्याच्या मापाचा करायचा. सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी तर पाचावर धारण बसली! पण आबा म्हणाले, "नुसत्या सरकारी कागदावरून मी पोराचं माप पुसू? जमायचं नाही."

उलट त्यांनी भलतंच आरंभलं. वय वाढतं तसा पाय पसरतो, म्हणून जुन्या गिऱ्हाइकांच्या फर्म्यावर ते चामड्याची पातळ पट्टी चिकटवत. तशी दर चार-पाच वर्षांनी त्यांनी माझ्यावरही चढवली. "आता तिशी गाठली असेल." "आता चाळिशी ओलांडली असेल." आबा गेले तेव्हा माझ्या अंगावर सहा पट्ट्या होत्या. खरं सांगतो, मला ते आवडायचं. परत न आलेला पोरगा माझ्यावर मोठा होत होता.

पुढे दुकान बहिणीने चालवलं. तिने नवी पट्टी लावली नाही, पण जुनी काढायलाही हात धजला नाही.

यंदा बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या पथकातल्या एक अधिकारी बाई आमच्याकडे आल्या. बहीण आता सत्तरीच्या पुढे गेलेली. दादा जिथे कैदेत होता, त्या छावणीजवळ कैद्यांना पुरलेली जागा सापडली होती, आणि बर्फ वितळलं की खणायला सुरुवात होणार होती. सापडलेल्या हाडांशी रक्ताचं नातं ताडायला बाईंनी बहिणीच्या गालातून कापसाने नमुना घेतला आणि विचारलं, "आजी, मोडलेलं हाड? पायाचं माप? काही आठवतंय?"

बहिणीने मला खाली काढलं. पण घोडं तिथेच पेंड खात होतं. खरं माप आणि तो फुगवटा, दोन्ही आबांच्या मायेखाली गडप झाले होते. पट्ट्या काढायच्या, म्हणजे दादा तेविशीतच थांबला हे स्वतःच्या हाताने मान्य करायचं. चामडं कापायची रापी हातात धरून ती नुसती बसून राहिली.

"सावकाश, आजी," अधिकारी बाई म्हणाल्या.

"पन्नास वर्षं झाली. अजून किती सावकाश?" बहीण म्हणाली. मग वर बघून हळूच, "आबा, रागावू नका हं."

ओलं फडकं ठेवून तिने एकेक पट्टी सोडवली. मला दुखलं, नाही कसं म्हणू? शेवटची निघाली आणि तिने माझ्या उघड्या लाकडावरून हात फिरवला.

"अगं बाई, दादा, एवढासा होतास तू!" ती म्हणाली. "मला आपला माझ्याहून मोठाच वाटत होतास." आणि इतक्या वर्षांचं सगळं रडणं ती तिथे रडली.

बाईंनी माप घेतलं, करंगळीचा फोटो काढला. "एवढ्यावरून ओळख पटेलच असं नाही. पण आता कुणाला शोधायचं ते कळलं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, घरी न परतलेल्या माणसाची वस्तू तुमच्याकडे असेल तर जपा. पण मायेपोटी तिचं रूप बदलू नका. खरं माप विचारत कुणीतरी कधीतरी दारात उभं राहतं.

आज सकाळी बहिणीने काळं चामडं पाण्यात भिजत घातलं. "सापडला की घरी आणायचाय," ती मला म्हणाली, "अनवाणी कसा आणू?" आता अधिक बोलत नाही. चामडं ओलं आहे तोवरच नीट बसतं, आणि ती हातोडी घेऊन आलीच आहे.