काळी पाचच्या जरा खाली

सुभेदार लालासाहेब साळुंख्यांच्या डाव्या अंगाला झटका आला तो माघात. आता चैत्र लागला तरी डावा हात खांद्यातून वर निघत नव्हता. मनगट फिरायचं, बोटं सावकाश मिटायची, पण पेटीचा भाता मारायला खांदा लागतो. भाता बंद म्हणजे पेटीचा श्वासच बंद. मग उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर कितीही नाचेनात का, लाकडावर नखं वाजतात तेवढीच.

फौजेतून पेन्शनीत आले त्या वर्षापासून ते थोरल्या बहिणीच्या कीर्तनात पेटीला बसत होते. बावीस वर्षं झाली. रंगूबाई महाराज म्हटलं की कराडपासून पलूसपर्यंत माणसं हात जोडतात, पण लालासाहेबांना ती नुसती अक्का. ज्यानं कीर्तन मन लावून ऐकलंय त्याला सांगायला नको, पण पेटी नुसती अभंगाला नसते. अक्का निरूपण करत असते तेव्हा तिच्या बोलण्याखाली एक बारीक सूर धरून ठेवावा लागतो. ती तापली की तो चढवायचा, तिनं आवाज खाली घेतला की विझत आणायचा, आणि बोलता बोलता तिनं अभंगात उडी टाकली की खाली हात पसरून तयार असायचं.

हनुमान जयंतीच्या सप्ताहाला नऊ दिवस उरले तेव्हा कमिटीचे उदयसिंह घरी आले. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "सुभेदार, औंदा तुमी म्होरं बसून ऐका. काल्याच्या कीर्तनाला साथीचा दुसरा माणूस बघतो आमी."

लालासाहेबांनी अक्काकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ती म्हणेल, माझा भाऊ नाही तर मी नाही. अक्का गव्हातले खडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघा की. कीर्तन कुणाच्या खांद्यासाठी थांबत न्हाई."

उदयसिंह गेल्यावर ती एवढंच बोलली, "तुझ्यासाठी थांबले, तर ती तुझी सेवा झाली. देवाची न्हवं."

लालासाहेबांना ते लागलं, पण खोटं काही नव्हतं त्यात. "शनवारपतूर मला टाईम दे," ते म्हणाले. "भाता नसलेलं वाद्य आणतो. तुझ्या पसंतीला उतरलं न्हाई तर मी आपला चपला राखत बसतो."

आधी ते साताऱ्याला गेले. दुकानातल्या पोरसवदा विक्रेत्यानं सहाशे आवाजांचा कीबोर्ड दाखवला. त्यात पेटी होती, बासरी होती, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा होतं. लालासाहेबांनी विचारलं, "सूर जरासा उतरवायचा असंल तर?"

"सोपं आहे काका. मेन्यूत जायचं, मग सिस्टीम, मग ट्यून, मग खाली खाली यायचं, मग ओके."

"तवर आमची आरती व्हईल," लालासाहेब म्हणाले आणि चपला घातल्या.

हा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. अक्का पूर्वी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी धरून, गायची. आता सत्तरी ओलांडल्यावर तिचा आवाज तिथून थोडा खाली उतरून बसला होता. काळी पाच आणि पांढरी सहा यांच्या मधे कुठेतरी. पेटीला ती मधली जागा नसते. म्हणून गेली तीन वर्षं अक्काच ओढूनताणून पेटीपाशी यायची आणि दुसऱ्या दिवशी घसा धरून गप्प बसायची. बोलली कधी नाही. पण शेजारी बसणाऱ्याला कळल्याशिवाय राहतं का?

शेवटी फोन केला इलाहीभाईंना. सांगलीचे इलाहीभाई मुल्ला दर वर्षी सप्ताहाच्या आधी आठ गावच्या पेट्या सुरात लावून देत. "आवं सुभेदार, हिकडं या की सरळ," ते म्हणाले. "आमच्या समीनानं माडीवर मशिनींचा बाजार मांडलाय. ॲनालॉग सिंथ म्हनत्यात. मेन्यूबिन्यू न्हाई, नुसतं कान पिळायचे."

इलाहीभाईंची लेक समीना कराडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती. जुनी वाद्ययंत्रं आणून दुरुस्त करायची आणि पुण्या-कोल्हापूरच्या स्टुडिओवाल्यांना द्यायची. शुक्रवारी सकाळी लालासाहेब एसटीत बसले. डाव्या हातानं दांडा धरता येत नव्हता, म्हणून अक्का सोबत. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी आणि टाळ. टाळ घेतल्याशिवाय ती दळणालासुद्धा जात नसे.

माडीवर तीन यंत्रं मांडलेली. समीनानं आधी समजावलं. "काका, त्या कीबोर्डात दुसऱ्याचा आवाज भरून ठेवलेला असतो. यात विजेचाच सूर होतो, आत्ता, तुमच्यासमोर. हा कान पिळला की सूर चढतो-उतरतो. हा पिळला की आवाज उघडतो नाहीतर मिटतो. आणि हा पिळला, की आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो."

लालासाहेब फौजेत सिग्नलमध्ये होते. लडाखात हातमोजे घालून त्यांनी अंधारात रेडिओ सेट लावले होते. त्यांनी मान डोलावली. "एक काम, एक कान. हे बरं हाय."

पहिलं यंत्र इतकं लहान की त्याच्या पट्ट्या पोराच्या खेळण्यासारख्या. लालासाहेबांचं एक बोट दोन पट्ट्यांवर बसलं. ते बाजूला झालं. दुसरं जर्मन, दोन्ही बाजूंना पॉलिश केलेलं लाकूड, वर पन्नासेक बारीक नॉब. त्यावर त्यांनी षड्ज दाबला आणि माडी भरून गेली. मोहरीच्या तेलात बोट बुडवावं तसा दाट, सोनेरी सूर. लालासाहेबांनी डोळे मिटले. तिसरं जपानी, काळं, एका कोपऱ्याला टवका उडालेलं, वर मोजके सात-आठ नॉब, एकेक साताऱ्याच्या कंदी पेढ्याएवढा. त्याचा सूर साधा होता. जरा नाकातला.

"ह्येच," लालासाहेब जर्मनवर थाप मारून म्हणाले. "बांधा."

खालून चहा घेऊन आलेले इलाहीभाई दारातच थांबले. "सुभेदार, शिंगं रंगवलेली बघून बैल घेताय व्हय? औताला जुपून बघा की आधी."

"मग अक्का, म्हण की एक अभंग. बघू," लालासाहेब म्हणाले.

अक्काचा चेहरा बदलला. "बघू म्हंजे? नाम म्हंजे काय दुकानातलं कापड हाय, चार बोटं फाडून दाखवायला? ट्रायलला मी देवाचं नाव घेत न्हाई. रेडिओवाले आलते तवाबी घेतलं न्हाई."

समीनानं हळूच विचारलं, "अक्का, मग नुसतं आ-आ करून?"

"मी काय भाजीवाली हाय?"

लालासाहेबांना ठाऊक होतं, इथून पुढे ओढलं तर तुटणार. पण ते साताऱ्याहून हात हलवत आले होते आणि उद्या शनिवार होता. त्यांनी खाली पाहिलं, मग अक्काकडे.

"ट्रायल नको म्हन्तीस. खरं हाय. मग कीर्तन कर."

"हितं?"

"का? वक्ता हाय. श्रोते हायत, इलाहीभाई, समीना. साथीला मी. टाळ तुझ्या पिशवीत. आनि काय लागतंय? मांडव?"

अक्कानं पिशवीतून टाळ बाहेर काढले. मग म्हणाली, "कीर्तन हुबं राहिलं की मोडायचं न्हाई. तुझं यंत्र फसलं तरी मी थांबायची न्हाई."

"नगं थांबू."

इलाहीभाईंनी खालून सतरंजी आणली. समीनानं चपला काढून जिन्यात ठेवल्या. शेजारचे शिंपी सिद्धू, मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून, येऊन बसले. अक्कानं हातपाय धुतले, पदर खोचला, पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. आणि टाळाचा पहिला ठोका पडला.

जर्मन यंत्रानं सुरुवातीला नुसती बहार आणली. नमनाला सूर असा पसरला की सिद्धूंनी टेप काढून खिशात घातली. अक्का निरूपणाला लागली. विषय घेतला कृष्णेचा नावाडी. "नावाडी नदीला वडत न्हाई बाबांनो," ती सांगू लागली, "नदी न्हेईल तिकडं जातो, आनि तरी पल्याड पोचतो. कसा?" तिचा आवाज खाली खाली गेला. आता लालासाहेबांनी सूर मिटवायला हवा होता. डावा हात नॉबांवर होताच. पण पन्नासातला कोणता? बोटं सावकाश चाचपत गेली, भलताच कान पिळला गेला आणि अक्काच्या हळुवार बोलण्याखाली सूर पोळलेल्या मांजरासारखा ओरडला. समीनानं डोळे घट्ट मिटले. अक्का थांबली नाही. ती अभंगात उतरली, आपल्या खऱ्या जागी, काळी पाचच्या जरा खाली; कारण एसटीचा प्रवास झालेला आणि वय कुणाला चुकत नाही. सूर लावायचा नॉब यंत्राच्या मागच्या अंगाला होता, हरभऱ्याएवढा. लालासाहेबांचा हात तिथपर्यंत पोचेना. दोन सूर एकमेकांना घासू लागले, आणि अक्का, नेहमीसारखीच, घसा ताणून वर यायला लागली.

लालासाहेबांनी उजवा हात उचलून घेतला. साथ थांबली. अक्का एकटी गात राहिली, नुसत्या टाळावर.

ते समीनाकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "काळं. काळं दे हिकडं."

"काका, ते मघाशी पाचच मिनिटं लावलं होतं. अजून थंड आहे. तापेपर्यंत सूर वर सरकत राहतो त्याचा."

"सरकू दे. मी हाय ना."

अभंगाचं कडवं संपून अक्का पुन्हा बोलण्यावर आली तेवढ्यात बापलेकीनं काळं यंत्र उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. लालासाहेबांनी एक पट्टी दाबली, डावं मनगट टेकवलं आणि पहिल्या पेढ्याला, सूर चढवायच्या-उतरवायच्या नॉबाला, बोटं लावली. बोटं अख्ख्या नॉबाभोवती बसली. खांदा लागलाच नाही. हळूहळू सूर खाली आणला, आणखी खाली, आणि मग दोन पट्ट्यांच्या मधे, जिथं पेटीला कधी जाता आलं नव्हतं, तिथं तो अक्काच्या आवाजाला जाऊन मिळाला. घासाघीस थांबली. अक्काची मान एकदम मोकळी झाली. तीन वर्षांत ती अशी झालेली लालासाहेबांनी पाहिली नव्हती.

सवयीनं त्यांनी षड्जाबरोबर पंचमही दाबला. पंचम वाजलाच नाही. "एका टायमाला एकच सूर व्हय हे?" ते कुजबुजले.

अक्कानं ऐकलं, आणि निरूपणातच घेतलं. "आमचा बंधू इचारतोय, एका टायमाला एकच सूर का म्हनून. आरं बाबा, देवानं तोंड दिलं त्यातनं तरी किती निघत्यात? एकच धर आनि सोडू नगस!" सिद्धू खदखदून हसले. इलाहीभाई मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा!"

समीना म्हणाली तसंच झालं, सूर वर सरकत राहिला. तीळ तीळ. पण लालासाहेबांचा हात पहिल्या पेढ्यावर होता आणि कान अक्काच्या गळ्यावर. सरकला की उतरव, सरकला की उतरव. अक्का कुजबुजली की दुसरा पेढा मिटव, तापली की उघड. पाऊण तास चाललं. डावं मनगट भरून आलं, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याला आला, पण पुसायला हात रिकामा नव्हता. नावाडी पल्याड पोचला, तेव्हा अक्कानं शेवटच्या चरणाला आवाज आधी खाली नेला आणि मग एकदम उंच फेकला. लालासाहेबांनी सूर तिच्या मागून घसरत वर नेला, पेटीला जसं कधी जमलंच नसतं, मधली एकही जागा न सोडता.

टाळ थांबले.

अक्कानं पिशवीतून बुक्क्याची डबी काढली. सगळ्यांच्या कपाळाला लावला. लालासाहेबांना लावला, आणि मग वाकून काळ्या यंत्रालाही, थेट नॉबाच्या बुडाशी.

"अक्का, आत जाईल ओ ते!" समीना ओरडली.

"जाऊ दे. प्रसाद हाय," अक्का म्हणाली. भावाकडे बघून तिनं स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. "घसा न्हाई दुखला." आणि ती भाकरी सोडायला बसली.

जर्मन यंत्र खिडकीशी चमकत होतं. लालासाहेबांनी त्याच्यावर एकवार मायेनं हात फिरवला, काळं बांधायला सांगितलं आणि उदयसिंहांना फोन लावला.

"कोण, सुभेदार? बरं झालं, मी साथीचा मानूस सांगायलाच..."

"त्येला म्हनावं, हरिपाठाला ये. काल्याच्या कीर्तनाला अक्काच्या डाव्या अंगाला माझं आसन मांडा, न्हेमीच्या जागी. आनि एक करा, विजेचा एक पॉईंट वडून ठिवा."

"पॉईंट? पेटीला?"

"व्हय. आनि कीर्तनाच्या आधी तासभर लाईट चालू पायजे. हे म्होरंच सांगून ठिवतो, मागनं कुरकुर नगं."