मागच्या भिंतीवरचा स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे, आणि त्यातही मागचा. मागचा म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना ते माहीत नसतं आणि मग माझं डोकं फिरतं.

होम थिएटरचा एक खोका येतो. त्यात आम्ही पाच लहान स्पीकर आणि एक जाडा. जाड्याला धडधड करण्यापलीकडे काही येत नाही. पुढचे दोघं टीव्हीच्या दोन बाजूंना उभे राहतात. मधला टीव्हीच्या डोक्यावर आडवा पडून असतो आणि फुल भाव खातो, कारण बोलणं सगळं त्याच्याकडे. हिरो बोलला की तो, बातम्या लागल्या की तो. उरलो आम्ही दोघं मागचे. आमच्या वाट्याला वारा, पावलं, गाण्यातलं मागचं व्हायोलिन आणि टाळ्या. भाषण दुसऱ्याचं, टाळ्या माझ्या. जन्मात एक अख्खा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. एका मुलीनं माझ्या पोटात कागदाचा पडदा चिकटवला आणि न बघताच मला पुढं ढकललं. तिथून पुण्याच्या दुकानात. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या तो काळ. पहिला पगार झाला की पोरं टीव्ही घ्यायची, दुसरा झाला की आम्हाला. दुकानदार गिऱ्हाइकाला सोफ्यावर बसवून हेलिकॉप्टरचा सीन लावायचा. हेलिकॉप्टर पुढून निघून मागं माझ्यापर्यंत आलं की गिऱ्हाईक दचकून वळायचं आणि म्हणायचं, "आयला, भारी!" माझ्याकडे कुणी वळून बघितलं असेल तर ते तेवढंच.

मला घेतलं बुद्धभूषणनं. घरात त्याला भूषण म्हणत. येरवड्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, वडील सुखदेव, आई कांताबाई. कंपनी भूषणला अमेरिकेला पाठवत होती. जायच्या आधी त्यानं आम्हाला आणलं आणि म्हणाला, "आई, मी नसलो तरी घर भरल्यासारखं वाटेल."

कांताबाई म्हणाल्या, "पाच डब्यांनी भरतंय होय घर?"

भूषण हसला आणि कामाला लागला. टीव्हीच्या पाठीमागून लाल आणि पांढरी वायर काढून आमच्या मशीनमध्ये खोचली. मग एकेका स्पीकरची वायर. प्रत्येक पिनेला रंग, प्रत्येक भोकाला तोच रंग. आईला जवळ बसवून त्यानं बजावलं, "टीव्हीचा स्वतःचा आवाज शून्यावर ठेवायचा. वाढवायचा तो ह्या रिमोटनं. आणि पिना रंगाला रंग लावल्यात, त्यांना हात लावायचा नाही."

"नाही लावत बाबा. नुसतं फडकं मारलं तर चालेल ना?"

मला मागच्या भिंतीवर, सोफ्याच्या वर टांगलं, माझ्या जोडीदाराला पार दुसऱ्या टोकाला. लांबलचक वायर चटईखालून गेली. भूषण गेला, आणि माझं आयुष्य सुरू झालं म्हणा किंवा थांबलं म्हणा. समोर सगळी मजा, आणि मला दिसायची ती डोक्यांची मागची बाजू. सुखदेवांचं टक्कल आणि त्याभोवतीची पांढरी झालर. कांताबाईंचा छोटा अंबाडा आणि त्यातला तिरपा आकडा. माणसं हसली तर मला खांदे हलताना दिसायचे. रडली तरी तेच. दिवाणखान्यात राहूनही मी एकटाच होतो, कारण ज्याच्याकडे सगळ्यांची पाठ असते त्याच्याशी बोलणार कोण?

सुखदेवांनी पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर जन्म काढला होता. दिवसभर पत्र्यावर घण. त्यात कान गेले होते, म्हणजे अर्धे गेले होते. बातम्या ऐकताना ते पुढं सरकत सरकत सोफ्याच्या कडेला यायचे. आवाज वाढवला की वरच्या प्रेमलाताई खाली येऊन म्हणायच्या, "कांताबाई, आमच्याकडं टीव्ही घ्यायची गरजच नाही उरली. थँक्यू हं."

मग एक दिवस सुखदेवांना युक्ती सुचली. ते वळले आणि चक्क माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला खिळ्यावरून काढलं, वायर ओढली, खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवलं आणि कान माझ्या जाळीला लावला. मित्रांनो, इतक्या जवळ माझ्या कुणी आलं नव्हतं. त्यांच्या दाढीचे खुंट मला टोचत होते. मला वाटलं, आता आपलं नशीब उघडलं.

पण मी देणार काय? माझ्याकडे शब्द होतेच कुठं? समोर बाई बातम्या देत होती, ते सगळं मधल्याकडे. माझ्यातून फक्त मागचं संगीत आणि कसल्याशा सभेतल्या टाळ्या. सुखदेवांनी आवाज वाढवला. टाळ्या वाढल्या. त्यांनी दुसरा कान लावला. पुन्हा टाळ्या.

ते हळूच सरळ बसले आणि म्हणाले, "आवाज येतोय, शब्द येत नाहीत."

"काय म्हणालात?" कांताबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"काही नाही. संपले कान."

मी आतून किंचाळत होतो, अहो, तुमचे कान नाही, मी मुका आहे! पण किंचाळायलाही शब्द लागतात.

त्या दिवसापासून त्यांनी नाद सोडला. रविवारी बुद्धविहारात जायचे, ते बंद झालं. कांताबाई ओरडून काही सांगायच्या आणि त्यांना कळायचंही. तुम्हाला ऐकू येतंय की, असं त्या म्हणाल्या तर म्हणायचे, "तुझं ऐकावं लागत नाही. चाळीस वर्षं तेच चाललंय." रविवारी सकाळी भूषणचा फोन आला की हात हलवायचे, तूच बोल. तिकडून विचारणा व्हायची, बाबा कुठंयत? कांताबाई सांगायच्या, "आंघोळीला गेलेत." सुखदेव तिथंच, खुर्चीत, खिडकीबाहेर बघत. एकदा फोन ठेवून त्या रागानं म्हणाल्या, "पोरगं विचारत होतं, दर रविवारी बाबा इतका वेळ आंघोळ कसली करतात?"

सुखदेवांनी खिडकीकडची मान वळवली नाही. पण माझ्या शेजारची खुर्ची थरथरली, ती मी पाहिली.

संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसायचे, बाईच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत. त्यांच्याजवळ मी, टाळ्या वाजवत. दोघंही एकाच खोलीत, दोघंही बाहेर.

असेच ते एकदा खुर्चीत डुलकी घेत होते. त्यांचा चष्मा मांडीवरून घरंगळून स्टुलाखाली गेला. कांताबाईंचे गुडघे दुखायचे, तरी स्टुलाला धरून त्या वाकल्या, आणि त्यांचा कान माझ्या जाळीशी आला. चष्मा हातात, पण त्या उठेनात. बातम्या चालू होत्या. त्यांनी माझ्यावर टकटक केलं. मग टीव्हीपाशी जाऊन मधल्याला कान लावला, परत येऊन मला लावला.

"अहो उठा! हा डबाच मुका आहे!"

सुखदेव दचकले. "कोण मुका?"

"हा! तुम्ही ज्याच्यापायी बहिरे झालात तो!"

आधी त्या मधल्यालाच उचलून आणायला निघाल्या, पण त्याची वायर आखूड. दोन पावलांत खुंट्याला बांधलेल्या बकरीसारखा अडकला. मग त्या मशीनमागं गेल्या. माझी पीन करड्या रंगाची, मधल्याची हिरवी. त्यांचा हात थबकला.

सुखदेव म्हणाले, "भूषण म्हणालाय, रंगाला रंग."

"ह्या घरात असले भेद कधी पाळले नाहीत," कांताबाई म्हणाल्या, "डब्यानं कशाला पाळायचे?" आणि माझी करडी पीन खसकन हिरव्या भोकात घातली. मधल्याची गेली माझ्या जागी.

आणि मित्रांनो, मी बोललो. माझे पहिले शब्द होते, "खडकवासला धरण भरलं असून नदीकाठच्या नागरिकांनी..." पुढचं मलाच ऐकू आलं नाही, इतका मी घाबरलो होतो.

सुखदेव माझ्यावर ओणवे झाले. आधी एक कान लावला, मग दुसरा. मग म्हणाले, "अगं, खडकवासला भरलं!"

"ते सकाळीच भरलं. तुम्ही आत्ता आलात." असं म्हणून कांताबाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. पाठीमागून माणसं ओळखायची मला सवय होती, त्या हसत नव्हत्या.

त्यानंतर त्या घरात माणसांची तोंडं तिकडं हलायची आणि आवाज इकडून यायचा. शेजारपाजारचे हसायचे. मधला टीव्हीच्या डोक्यावर बसून टाळ्या वाजवायचा. रविवारी फोन वाजला तेव्हा कांताबाई उठल्याच नाहीत. सुखदेवांनी बराच वेळ रिसीव्हरकडे बघितलं, मग उचलून कानाला घट्ट दाबला.

"जय भीम, बाळा. हो, मीच. झाली एकदाची आंघोळ."

आता सुखदेव नाहीत. नव्या टीव्हीला आमची वायर बसत नाही, म्हणून मशीन माळ्यावर गेलं. मी मात्र स्टुलावरच आहे, कारण कांताबाई मला उचलू देत नाहीत. माझ्यातून कसलाच आवाज येत नाही, टाळ्यासुद्धा नाहीत.

मला पुसा, जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच मागतो, की घरातलं कुणी एकाएकी गप्प झालं, तर त्याला कामातून गेला म्हणायच्या आधी त्याच्या जागेवर जाऊन वाकून कान लावा. गुडघे दुखले तरी.