दोन रिंगा

“आता हा फोन हातात घ्या मावशी, आणि समजा की तुम्ही घरी बसलाय,” दानाई म्हणाली. “मुलगी प्रवासाला गेलीय. तुम्ही वाट बघताय.”

आर्गिरोने फोन घेतला, पण मुकाट्याने ऐकेल तर ती आर्गिरो कसली. एकतीस वर्षं तिकीट खिडकीत बसले, घरी बसायची सवय नाही मला, असं तिने सुनावलंच. दानाई हसत पलीकडच्या खोलीत गेली.

यानिना शहराच्या बस स्थानकावर आर्गिरोची ती खिडकी साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अजून बाजारात लोक तिला गाड्यांच्या वेळा विचारत. दानाई सालोनिकाहून आलेली, अठ्ठावीस वर्षांची. तिच्याबरोबर काम करणारा लेफ्तेरिस इथलाच. दोघांनी तळ्याकाठी दोन खोल्या घेतल्या होत्या आणि एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी ते एक अ‍ॅप तयार करत होते. नकाशे त्यांच्याकडे होते, वेळापत्रकंही होती. पण कुठल्या फाट्यावर दिवा लागतो, कुठला टपरीवाला बाईमाणसाला आत बसू देतो आणि कुठल्या थांब्यावर भर दुपारीही उतरू नये, हे नकाशात कुठून येणार? त्यासाठी आर्गिरो दर मंगळवारी यायची. येताना पालकाचं सारण भरलेली खारी पोळी, तिला तिथे ‘पिता’ म्हणतात, भाजून आणायची, आधी दोघांना दामटून खायला घालायची आणि मग बोलायला बसायची.

ती भरभरून सांगे. फक्त ड्रोसोपेत्राच्या फाट्याचं नाव निघालं, तेव्हा ‘तिथे कोणी उतरत नाही’ एवढंच म्हणाली होती. लेफ्तेरिसने दानाईला डोळ्यांनी गप्प केलं, आणि तो फाटा अ‍ॅपमध्ये कोराच राहिला.

फोन वाजला. एक रिंग, दुसरी रिंग. मग थांबला आणि पडदा हिरवा झाला. त्यावर अक्षरं उमटली: ‘पोहोचली’.

दानाई दारातूनच बोलत आली. “कसं वाटलं? तुमच्याच पिढीची युक्ती आहे ही. माझी आई अजून म्हणते, पोहोचलीस की मिस्ड कॉल दे. दोन रिंगा वाजल्या की समजायचं, पोरगी सुखरूप आहे.”

“आणि उचलला तर?” आर्गिरोने विचारलं.

“उचलायचाच नाही ना. त्यातच तर गंमत आहे.”

आर्गिरोने फोन टेबलावर उपडा ठेवला. उरलेली पिता गरम आहे तोवर खा म्हणाली, शाल घेतली आणि निघून गेली. स्वतःचं ताट परत न्यायलाही ती विसरली, आणि ताट विसरणाऱ्यातली ती बाई नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी तिची फानी बदली शिक्षिका म्हणून डोंगरातल्या एका शाळेवर लागली होती. बदली शिक्षकांचं नशीबच तसलं, दर वर्षी नवं गाव आणि नवी खोली. नाताळची सुट्टी संपवून ती परत निघाली, तेव्हा आर्गिरोने आपल्याच खिडकीतून तिला तिकीट फाडून दिलं, दृष्ट लागू नये म्हणून तीनदा ‘फ्तू’ केलं आणि नेहमीचंच वाक्य म्हटलं: पोहोचलीस की दोन रिंगा दे. हा नियम आर्गिरोचाच होता. फानी शाळेत असल्यापासूनचा. फोन उचलला की पैसे जातात, म्हणून उचलायचा नाही, आणि आर्गिरोने तो कधीही उचलला नव्हता.

ड्रोसोपेत्राच्या फाट्यापासून शाळेचं गाव तीन किलोमीटर वर. न्यायला ट्रक यायचा होता, तो बर्फामुळे आला नाही, म्हणून फानी चालत निघाली. चार वाजून दहा मिनिटांनी आर्गिरोच्या ड्रॉवरमध्ये फोन वाजला. खिडकीसमोर रांग होती. तिने दोन रिंगा मोजल्या, छातीवर क्रूस काढला आणि पुढच्या माणसाला त्याचं तिकीट दिलं. त्या संध्याकाळी ती आणि तिचा नवरा थानासिस चांगले पोटभर जेवले; रिंगा मोजणं तिचं काम, म्हणून त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सकाळी हेडमास्तरांचा फोन आला की बाई अजून आल्या नाहीत. दुपारी ती सापडली, रस्त्याखालच्या घळीत. पाय मोडला होता, आणि थंडीने उरलेलं काम केलं होतं.

रिंग तिनेच तोडली, की तिच्या हातातून फोन सुटला, की रेंज गेली, हे कोणालाच कधी कळणार नव्हतं. पोलिसांनी फानीचा फोन आर्गिरोच्याच हातात दिला, ओला आणि बंद पडलेला. आपल्या फोनमधली त्या मिस्ड कॉलची नोंद तिने न्हाणीघरात जाऊन पुसली होती. थानासिसने विचारलं, पोरीने फोनसुद्धा कसा केला नाही? ती म्हणाली, तिथे रेंज नसेल.

झालं, त्या माणसाने तेच धरून ठेवलं. सात वर्षं तो फाट्यावर मोबाईलचा मनोरा व्हावा म्हणून या कचेरीतून त्या कचेरीत अर्ज घेऊन फिरला. प्रत्येक वेळी त्याच्या सदऱ्याला इस्त्री करून द्यायची ती आर्गिरोच. अखेर मनोरा उभा राहिला. लोक त्याला थानासिसचा मनोरा म्हणू लागले. त्यानंतर वर्षाच्या आत तो गेला, आणि जातानाही आपल्या हातून एक तरी काम झालं या समाधानात गेला. तिने त्याला ते समाधान लाभू दिलं. याला दया म्हणावं की भित्रेपणा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मंगळवारची वाट न बघता ती शुक्रवारीच त्या दोघांकडे गेली. हातात पिता नव्हती. फोन दोन रिंगांवर थांबता कामा नये, घरच्या माणसाने उचलेपर्यंत वाजला पाहिजे आणि आवाज ऐकल्याशिवाय तो हिरवा रंग येता कामा नये, असं तिने उभ्याउभ्याच सांगितलं.

दानाईने आधी समजुतीने घेतलं. शंभर बायकांना विचारून हे ठरवलंय. एकटी निघालेली बाई मोकळेपणासाठीच निघते, तिला प्रत्येक थांब्यावर हजेरी द्यायची नसते. हे काही खोटं नव्हतं, आर्गिरोलाही ते पटत होतं. लेफ्तेरिस म्हणाला, मावशी, अ‍ॅप लोकांना दाखवायची तारीख आठवड्यावर आलीय, आणि दोन रिंगा हेच लोकांना सगळ्यात जास्त आवडलंय.

आर्गिरो दारापर्यंत गेली. निघून जाता आलं असतं. अकरा वर्षं ती हेच करत आली होती, आणि गावानेही फार मायेने तिला करू दिलं होतं. कडीवर हात ठेवून ती थांबली.

“माझ्या फानीच्या दोन रिंगा मी ऐकल्या होत्या,” ती म्हणाली.

लेफ्तेरिस हळूच खुर्चीवर बसला. “पण मावशी, तिथे तेव्हा रेंज नव्हती म्हणतात सगळे.”

“सगळे नाही म्हणत. मी म्हणत होते.” तिचा आवाज खिडकीतून गाडीची वेळ सांगावी तसाच होता. “चार वाजून दहा मिनिटं. मला वाटलं, पोहोचली. ती मला बोलवत होती गं, आणि मी निश्चिंत झाले.”

मग दानाईने आर्गिरोचं मंगळवारचं ताट आणलं. ते तिने धुऊन ठेवलं होतं. ती म्हणाली, “बसा मावशी. कसं वाजायला पाहिजे ते मला परत एकदा नीट सांगा.”

मार्चमध्ये सगळं तयार झालं आणि खऱ्या रस्त्यावर तपासायची वेळ आली. कुठून तपासायचं हे आर्गिरोने ठरवलं. घर म्हणून तिने दानाईचा नंबर घातला आणि सकाळच्या गाडीने एकटीच निघाली. गाडी चालवणारा सोतिरिस होता. त्या दिवशी फानीला ड्रोसोपेत्राच्या फाट्यावर उतरवणारा तोच. त्याने तिकीट विचारलं नाही, आणि ड्रोसोपेत्राला गाडी थांबल्यावर स्वतः खाली उतरून तिला हात दिला.

रस्त्याच्या कडेला खांबावर देवघरासारखी लोखंडी पेटी होती, आत देवमातेची तसबीर आणि तेलाचा दिवा. थानासिसने फानीच्या आठवणीसाठी बसवलेली. आर्गिरो इथे आजवर कधीच आली नव्हती. थानासिसला जाऊन तीन वर्षं झाली, म्हणजे दिवा केव्हाच विझला असेल असं तिने धरलं होतं. दिवा जळत होता. तिने सोतिरिसकडे पाहिलं, तर तो वाकून गाडीचं चाक तपासत होता.

घळीत अजून बर्फ होतं. मागे थानासिसचा मनोरा उभा होता. तिने फोन काढला, बटण दाबलं आणि कानाला लावला. एक रिंग. दुसरी रिंग. मग तिसरी सुरू झाली आणि मध्येच थांबली, कारण पलीकडून फोन उचलला होता.

“मावशी? पोहोचलात?”

काय सांगायचं हे तिने वाटेत घोकून ठेवलं होतं: आवाज स्वच्छ येतोय, रंग बदलला, बरोबर चाललंय.

“थंडी आहे गं इथे,” ती म्हणाली.

“बोला मावशी, मी ऐकतेय.”

सोतिरिस गाडीत चढला आणि त्याने इंजिन बंद केलं.